रांगोळी सगळ्या आज्यांना जमली, म्हणूनच तो प्रश्न काढून टाकावा लागला

बडोद्यात दांडिया बाजार, रावपुरा, वाडी या भागांत अजून बरीच जुनी मराठी घरं आहेत आणि त्यातल्या कितीतरी घरांत आता फक्त म्हातारी माणसं उरलीयत, मुलं कुणाची पुण्याला तर कुणाची कॅनडात. अशाच एका भागातल्या ज्येष्ठ नागरिक मंडळात मध्यंतरी स्मरणशक्ती तपासणीचं शिबिर झालं. बाहेरून आलेल्या टीमने ३० मार्कांची एक टेस्ट मराठीत विचारली, २४ च्या खाली स्कोअर आला त्यांच्या हातात "स्मृतिभ्रंशाची शक्यता, तज्ज्ञांना दाखवा" अशी चिठ्ठी दिली, आणि टीम निघून गेली. चिठ्ठी मिळालेल्यांत बहुतेक बायका, त्याही चौथी-सातवी शिकलेल्या. नंतर कितीतरी दिवस मंडळात दुसरा विषयच नव्हता.

मग मंडळाच्या सेक्रेटरी काकांचा फोन आला, "ताई, आपल्या माणसांसाठी आपली टेस्ट बनवता येईल का हो?" मी क्लिनिकल सायकॉलॉजीवाली, माझ्याबरोबर एक न्यूरॉलॉजिस्ट, स्टॅटिस्टिक्स शिकवून रिटायर झालेले एक सर आणि एमए करणाऱ्या काही मुली, एवढीच आमची टीम. "आपल्या संस्कृतीत बसणारी टेस्ट" असं सगळे फार सहज बोलतात, पण ती खरंच बसते का हे तपासायचं कसं याबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितेय. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून बारीकसारीक तपशील बदललेत.

२१ मार्कांच्या आजी, २९ मार्कांचे आजोबा

चिठ्ठी मिळालेल्यांपैकी एक आजी, वय ८२, शिक्षण चौथी, स्कोअर २१. मी घरच्यांकडून तो पेपर मागून घेतला आणि मार्क कुठे कुठे गेले ते बघितलं. गेलेल्या ९ मार्कांपैकी ४ शंभरातून सात-सात वजा करत जाण्यात गेले. १ तारखेत, कारण त्यांनी "आज एकादशी" असं सांगितलं, जी त्या दिवशी होती. १ सालात, कारण त्यांनी शके सांगितलं. १ वाक्य लिहिण्यात, "श्री" लिहून थांबल्या, कितीतरी वर्षांनी हातात पेन आलं होतं. १ पंचकोनांची आकृती काढण्यात. आणि स्मरणाच्या प्रश्नात, म्हणजे तीन शब्द थोड्या वेळाने आठवून सांगायचे त्यात, फक्त १. स्मरणशक्तीच्या नावाने घेतलेल्या टेस्टमध्ये गेलेल्या ९ पैकी १ मार्क स्मरणाचा, आणि चिठ्ठी स्मृतिभ्रंशाची!

ही टेस्ट म्हणजे एमएमएसई (मिनी-मेंटल स्टेट एक्झामिनेशन), फोल्स्टीन पती-पत्नी आणि मॅकह्यू यांनी १९७५ मध्ये अमेरिकेत मांडलेली. वाईट टेस्ट नाहीये ती, हॉस्पिटलमध्ये पेशंटच्या पलंगाशेजारी पटकन अंदाज घ्यायला केली होती आणि त्या कामाला अजूनही येते. पण १९९३ मध्ये अमेरिकेतच क्रम आणि सहकाऱ्यांनी अठरा हजारांवर प्रौढांचे स्कोअर वय आणि शिक्षणाप्रमाणे मांडले, त्यात ९ किंवा जास्त वर्षं शाळा झालेल्यांचा मधला स्कोअर २९ होता, ५ ते ८ वर्षंवाल्यांचा २६, आणि ४ वर्षं किंवा त्याहून कमी शाळा झालेल्यांचा २२. म्हणजे चौथी शिकलेल्यांमध्ये अर्धे लोक २२ किंवा खालीच, आणि आमच्या आजी ८२ च्या. त्यांना २४ चा कट-ऑफ लावणं म्हणजे आजाराऐवजी शाळेची वर्षं मोजणं झालं.

आता दुसरी बाजू. त्याच शिबिरात एक आजोबा, ग्रॅज्युएट, आयुष्यभर ऑफिसात हिशेबाचं काम केलेले, २९ मार्क. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि काकू, म्हणजे त्यांची सून, मला बाजूला घेऊन म्हणाली की बाबा एकच लाइटबिल दोनदा भरून आले, परवा खंडेराव मार्केटवरून भाजी घेऊन निघाले ते न्यायमंदिरपाशी उभे राहून रस्ता विचारत होते. जास्त शिकलेल्या माणसाला ही टेस्ट इतकी सोपी जाते की सुरुवातीची घसरण तिच्यात दिसतच नाही. एकाच शिबिरात एकच टेस्ट दोन्हीकडे चुकली होती.

त्या चिठ्ठीनंतर आजींच्या घरी काय झालं तेही प्रकरणाचा भाग आहे. त्यांची गल्लीतल्या बायकांची भिशी होती, सगळा हिशेब त्या तोंडी ठेवायच्या, कुणाचा नंबर कधी, कुणी पैसे दिले नाहीत. मुलाने ती भिशी बंद केली, "आई, आता तू गॅसजवळ जाऊ नकोस" असंही सांगितलं. मुलाला दोष देत नाही, त्याला एक कागद मिळाला होता आणि तो घाबरला होता. सॅम्युअल मेसिक हा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ १९८० च्या दशकात हेच मांडत होता की टेस्टचा स्कोअर वापरल्याने माणसाचं काय होतं ते व्हॅलिडिटीच्या, म्हणजे टेस्ट जे मोजायचं तेच मोजते का याच्या, चर्चेबाहेर ठेवता येत नाही, आणि आज २०१४ च्या अमेरिकन टेस्टिंग स्टँडर्ड्समध्ये प्रश्नांचा मजकूर, उत्तर देताना माणूस काय करतो, टेस्टची आतली रचना, बाहेरच्या गोष्टींशी संबंध आणि परिणाम असे पुराव्याचे पाच स्रोत मानले आहेत. बंद झालेली भिशी हा त्या पाचव्याचा पुरावा होता.

तयार टेस्ट का नाही घेतली

पहिला प्रश्न न्यूरॉलॉजिस्टनेच विचारला, की नवीन बनवायचा खटाटोप कशाला, भारतात झालेलं काम आहे की. आहेच. गांगुली आणि सहकाऱ्यांनी हरियाणात बल्लभगढच्या खेड्यांत न शिकलेल्या म्हाताऱ्या माणसांसाठी हिंदी मेंटल स्टेट एक्झामिनेशन केली, १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि ती किती विचाराने केलीय हे तिचे बदल बघितले की कळतं. शंभरातून सातऐवजी वीसमधून तीन, वाक्य लिहायच्या ऐवजी घराबद्दल काहीतरी बोला, "डोळे मिटा" हे वाचून करायच्या ऐवजी "माझ्याकडे बघा आणि मी करतो तसं करा". माझं मत आहे की टेस्ट अडॅप्ट करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने आधी ही टेस्ट ओळ-ओळ वाचावी.

पण बडोद्याची म्हातारी पिढी बल्लभगढच्या खेड्यातली नाही. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेलीत सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सगळ्या राज्याला लावला, त्यामुळे इथे आजीच्याही आईला अक्षर ओळखता यायचं अशी घरं भरपूर सापडतात, आणि त्याच गल्लीत लग्न होऊन दुसरीकडून आलेली, शाळेत अजिबात न गेलेली आजीही सापडते. एकाच चटईवर बसलेल्या माणसांत शून्यापासून एमएस्सीपर्यंत शिक्षण. बल्लभगढसाठी केलेली टेस्ट इथल्या पदवीधर आजोबांना पुरेशी अवघड पडणार नाही, आणि लाइटबिल दोनदा भरणाऱ्या आजोबांसाठी आपल्याला तेच तर हवं होतं.

शिवाय आपल्याकडे, आणि बडोद्यातही, या कामाची परंपरा आहे, ती सांगायलाच हवी. १९३० च्या दशकात व्ही. व्ही. कामतांनी बिनेची बुद्धिमापन टेस्ट मराठी आणि कानडी मुलांसाठी उभी केली, ती बिने-कामत म्हणून आजही दवाखान्यांत दिसते. आणि इथे एम. एस. युनिव्हर्सिटीत प्रमिला फाटकांनी बाळांच्या विकासाच्या बेली स्केल्सवर काम करून १९७० मध्ये जे दिलं ते देशभर "बडोदा नॉर्म्स" म्हणूनच ओळखलं जातं. त्या कामाचं वजन मला नेहमी नॉर्म्समध्ये, म्हणजे कुठल्या गटात सर्वसाधारण काय असतं याच्या आकड्यांत दिसतं, इथली बाळं प्रत्यक्ष बघून, मोजून, कुठल्या महिन्यात किती मुलं काय करतात हे लिहून ठेवण्यात. प्रश्न देशी करणं हा त्याच्या आधीचा भाग, आणि सोपा भाग.

मसुदा: सगळ्यांना आवडलेले प्रश्न

मंडळातच बसून प्रश्न काढले आणि मंडळी अगदी उत्साहात होती. लक्षात ठेवायचे शब्द स्वयंपाकघरातले, वरण, भात, तूप, लिंबू असे. फोटो ओळखा यात बडोद्यातल्या जागा, सुरसागर, मांडवी, लहरीपुरा दरवाजा. वजाबाकी पैशांची, भाजीवाल्या बेनला पन्नासची नोट दिली, सदतीसचं शाक झालं, परत किती. तारखेला तिथी चालेल. आणि पंचकोनांच्या जागी चार बाय चार ठिपक्यांची रांगोळी, नमुना बघून तशीच जोडायची. हा शेवटचा प्रश्न तर सगळ्यांचा लाडका, सेक्रेटरी काका म्हणाले, "बघा, आता वाटते आपली टेस्ट."

मग ट्रायल घेतली. मंडळातल्या स्वतःहून आलेल्या माणसांवर, आणि न्यूरॉलॉजिस्टकडे आधीच अल्झायमरचं निदान झालेल्या काही पेशंटवर, अर्थात त्यांच्या आणि घरच्यांच्या परवानगीने. सॅम्पल छोटं होतं, त्यातून आकडे छातीठोकपणे सांगण्यासारखे नाहीत म्हणून मी ते इथे देतच नाही. पण प्रत्येक माणसाबरोबर मुलींपैकी एक बसायची आणि टेस्ट संपल्यावर विचारायची की आजी, हे उत्तर कसं काढलंत, मनात काय चाललं होतं. याला कॉग्निटिव्ह इंटरव्ह्यू म्हणतात. एवढ्याशा सॅम्पलमध्ये आकड्यांपेक्षा या गप्पांनी जास्त शिकवलं.

स्वयंपाकघरातले शब्द आधी पडले. ते सगळ्यांना आठवत होते, निदान झालेल्या पेशंटनाही बऱ्यापैकी. एका आजींना विचारलं कसं आठवलं तर त्या म्हणाल्या, "आठवायचं काय त्यात, ताटात जे वाढतात तेच विचारलंत ने." म्हणजे त्या शब्द आठवत नव्हत्या, ताट डोळ्यासमोर आणून त्यावर काय असतं ते सांगत होत्या, आणि त्यात काहींनी चटणी-पापडही सांगितलं जे यादीत नव्हतं. एकमेकांशी जोडलेले शब्द दिले की माणूस अर्थावरून अंदाज बांधतो आणि स्मरणाचा कस लागत नाही. म्हणून आता शब्द रोजचेच, पण एकमेकांशी काही संबंध नसलेले, साधारण सारख्या लांबीचे, आणि अमेरिकेतल्या सीईआरएडी या अल्झायमरवरच्या कामात १९८९ पासून वापरतात त्या धर्तीवर दहा शब्द तीन वेळा ऐकवायचे आणि मग मधे दुसरी कामं करून परत विचारायचे असं केलं. ते शब्द इथे लिहीत नाही, टेस्टचे चालू प्रश्न सगळीकडे फिरले की टेस्ट संपते, हा नियम पाळायलाच हवा.

फोटोंचं पटकन सांगते. लहरीपुरा दरवाजा ओळखणं यात मेंदूपेक्षा मुक्काम किती वर्षांचा हे कळत होतं. यजमान गेल्यावर ग्वाल्हेरहून मुलाकडे राहायला आलेल्या एका आजी अगदी तल्लख होत्या आणि त्यांना एकही फोटो ओळखता आला नाही. फोटो टेस्टमधून काढून टाकले. आता नाव सांगायला साध्या वस्तू.

रांगोळीवर मात्र मला थांबून लिहायचंय. निकाल वरवर बघितला तर फारच छान होता, बायकांना भराभर जमली, ज्या आजी पंचकोन बघून पेन खाली ठेवत होत्या त्यांनी रांगोळी न अडखळता काढली, मुलींनी पूर्ण मार्क दिले. खटकलं ते पेशंटच्या कागदांवर. घरचा पत्ता न सांगता येणाऱ्या, मुलीला बहीण समजणाऱ्या एका आजींचा कागद तर सगळ्यांत देखणा होता. न्यूरॉलॉजिस्टने तो हातात घेतला आणि विचारलं, "नमुना कुठला दिला होता?" नमुन्यात आणि कागदावर साम्य फक्त ठिपक्यांचं होतं. त्यांनी समोरचा नमुना बघितलाच नव्हता, ठिपके दिसल्यावर हाताने त्याची रोजची रांगोळी काढली. मग आम्ही सगळे कागद परत काढून नमुन्याशी पडताळले तर निरोगी बायकांमध्येही बऱ्याच जणींनी तेच केलं होतं.

कारण स्मृतीच्या अभ्यासात चांगलं माहितीचं आहे. वर्षानुवर्षं हाताला बसलेली कौशल्यं, म्हणजे प्रोसिजरल मेमरी, ही मेंदूच्या वेगळ्या भागांवर जास्त अवलंबून असते, बेसल गँग्लिया, सेरेबेलम वगैरे, आणि अल्झायमरमध्ये सुरुवातीला मार बसतो हिप्पोकॅम्पस आणि आजूबाजूच्या भागाला, जिथे नव्या आठवणी तयार होतात. म्हणून परवाचं जेवण आठवत नाही पण वेणी घालता येते, आरती म्हणता येते, रांगोळी काढता येते. पंचकोनांच्या जागी आम्हाला हवं होतं ते समोरचा अनोळखी आकार बघून, त्याची रचना समजून, तशीच उभी करणं. रांगोळीने त्याऐवजी सवय मोजली. त्यातही पुरुषांना ठिपकेच कळत नव्हते, त्यामुळे अगदी चांगले आजोबा नापास आणि आजारी आजी पास, म्हणजे आधीच्या टेस्टमध्ये जो अन्याय बायकांवर होता तो आम्ही उलटा करून पुरुषांवर टाकला आणि वर आजारही लपवला.

सरांनी यावर डीआयएफ (डिफरन्शियल आयटम फंक्शनिंग) नावाची पद्धत समजावली. बायका-पुरुषांच्या सरासरीची थेट तुलना करायची नाही, कारण दोन गटांत खरा फरकही असू शकतो. बाकी टेस्टमध्ये ज्यांचा स्कोअर सारखा आहे अशी माणसं घ्यायची, आणि त्यांच्यात या एका प्रश्नावर बायका-पुरुषांत फरक पडतो का ते बघायचं. सारखी क्षमता असूनही फरक पडत असेल तर प्रश्न काहीतरी दुसरंच मोजतोय. मँटेल-हॅन्झेल या पद्धतीने त्याचा रीतसर आकडा निघतो, पण त्याला प्रत्येक गटात खूप माणसं लागतात, तेवढी नव्हती, म्हणून सरांनी साध्या तक्त्यांवरच दाखवलं आणि रांगोळीच्या तक्त्यात ते बघताक्षणी दिसत होतं.

सेक्रेटरी काकांना वाईट वाटलं. ते म्हणाले, "ताई, तोच एक प्रश्न होता की ज्यात आमच्या बायकांना आपण हुशार आहोत असं वाटत होतं." मला हे फार लागलं, कारण ते खरं होतं. शेवटी रांगोळी ठेवली, पण सुरुवातीला आणि मार्क न देता, हात मोकळा व्हायला, भीती जायला. पुरुषांना त्या जागी दुसरं काहीतरी ओळखीचं. आणि मार्कांच्या जागी काड्यांचा प्रश्न आणला, काडेपेटीतल्या चार काड्या समोर ठेवून केलेला आकार बघून आपल्या काड्यांनी तसाच करायचा, ही कल्पना नायजेरियात इबादानला कमी शिकलेल्या वृद्धांवर झालेल्या कामातून घेतली. पेन्सिल लागत नाही, शाळेची सवय कमी लागते, आणि हाताला आधीपासून बसलेला असा काड्यांचा आकार कुणाच्या घरात नसतो.

शाकाची वजाबाकी मात्र टिकली. बायका आणि पुरुष दोघांनाही समजत होती, पेशंटना जमत नव्हती, बाकी टेस्टमध्ये ज्यांचा स्कोअर जास्त त्यांचा यातही जास्त. "पन्नासातून सदतीस गेले तेरा" हे मनातल्या मनात काढावं लागतं, त्यामुळे ओळखीची गोष्ट असूनही मेंदूला तिथे त्याच वेळी काम करावं लागतं. ओळखीचा प्रश्न वाईट असतो असं माझं म्हणणं नाहीच. ओळखीमुळे उत्तर आयतं हातात येतंय का, एवढं प्रत्येक प्रश्नाला विचारायचं.

मार्क देणारे हात

तिथीचा प्रश्न वरून सोपा दिसतो. पण एका मुलीने "एकादशी"ला मार्क दिला, दुसरीने नाही दिला, तिसरीने आजींना विचारलं की तारीख सांगा ना आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे त्यांची नजर गेली. इथे साल तर तीन चालतात, इंग्रजी, शके, आणि शेजारच्या गुजराती घरांमुळे विक्रम संवत, जे इथे दिवाळीनंतर बदलतं. म्हणून नियम लिहिला: तारीख किंवा तिथी, कुठलंही चालेल, पंचांगाशी जुळलं पाहिजे, सालही तिन्हींपैकी कुठलंही, आणि कॅलेंडर खोलीत नको. मग दोघीदोघींनी एकाच वेळी, एकमेकींना न दाखवता मार्क देऊन बघितले, दोघींचं किती जुळतं हे कोहेनच्या कप्पाने मोजतात कारण नुसत्या योगायोगानेही काही मार्क जुळतातच, कप्पा तेवढे वजा करतो.

आणि मार्कांचं स्वतःचं हलणं. समजा टेस्ट ३० मार्कांची, लोकांच्या स्कोअरचं स्टँडर्ड डेव्हिएशन (स्कोअर सरासरीपासून किती पसरलेत ते) ४ आणि विश्वसनीयता (परत घेतली तर मार्क किती सारखे येतात ती) ०.८५, तर एका माणसाच्या स्कोअरमधली प्रमाणित चूक ४ गुणिले ०.१५ चं वर्गमूळ, म्हणजे साधारण १.५५ येते, आणि ९५ टक्के खात्रीचा पट्टा जवळजवळ ३ मार्क इकडे, ३ तिकडे. म्हणजे २३ आणि २५ या दोन माणसांत फरक आहे असं म्हणताच येत नाही, आणि एकाला चिठ्ठी, दुसऱ्याला टाळ्या.

निदान आधी, स्कोअर नंतर

टेस्ट खरंच आजार पकडते का हे बघायचं तर आजार आहे-नाही हे दुसऱ्या मार्गाने ठरलेलं पाहिजे. न्यूरॉलॉजिस्टने इथे एक अट घातली जी मला फार आवडली: मला तुमचा स्कोअर दाखवायचा नाही. स्कोअर बघून निदान केलं तर टेस्ट आणि निदान जुळणारच, तो पुरावा राहत नाही. त्यांनी त्यांची तपासणी केली, बी-१२, थायरॉइड, नैराश्य, ऐकू येणं, डोळे, चालू औषधं, आणि घरच्यांशी स्वतंत्र बोलणं. घरच्यांचं बोलणं आम्ही ऑस्ट्रेलियातल्या जॉर्मच्या १९८९ च्या आयक्यूकोड या घरच्यांसाठीच्या प्रश्नावलीच्या धर्तीवर घेतलं, आत्ता किती येतं हे न विचारता दहा वर्षांपूर्वीच्या तुलनेत काय बदललं हे विचारायचं, यात शिक्षणाचा फरक बराच कमी होतो कारण माणसाची तुलना त्याच्याशीच होते.

२१ मार्कांच्या आमच्या आजींच्या बाबतीत दोन्ही कानांनी कमी ऐकू येत होतं. शिबिरात हॉलमध्ये पंखे, शेजारी दुसऱ्यांची टेस्ट चालू, आणि त्या अंदाजाने मान डोलावत होत्या. शांत खोलीत, समोर बसून, मोठ्याने विचारल्यावर नव्या टेस्टमधलं थोड्या वेळाने शब्द आठवून सांगणं त्यांचं चांगलं निघालं, घरच्यांच्या प्रश्नावलीत गेल्या दहा वर्षांत विशेष बदल नाही, आणि न्यूरॉलॉजिस्टचं निदान: डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, नाही. कानाच्या डॉक्टरकडे पाठवलं. भिशी परत सुरू करायला मुलाशी दोनदा बोलावं लागलं, एकदा हातात आलेला कागद घरातून सहज जात नाही.

२९ मार्कांच्या आजोबांचं उलट. दहा शब्द तीनदा ऐकूनही दर वेळी नव्याने ऐकल्यासारखे, थोड्या वेळाने विचारल्यावर जवळजवळ काहीच नाही. सुनेच्या उत्तरांत सगळीकडे "पूर्वीपेक्षा वाईट". निदान सुरुवातीच्या टप्प्याचं झालं, बँकेचे व्यवहार घरच्यांनी त्यांना बरोबर घेऊन बसून हळूहळू हातात घेतले. वेळेवर कळलं याचा मला मनापासून आनंद आहे.

कट-ऑफ कुठे ठेवायचा

मंडळाला एक आकडा हवा होता. सरांनी फळ्यावर हिशेब मांडला, तो मी जसाच्या तसा देते. एलएएसआय-डॅड या देशव्यापी अभ्यासाचा २०२३ चा अंदाज आहे की भारतात साठीच्या पुढे साधारण ७.४ टक्के लोकांना डिमेन्शिया आहे. हजार ज्येष्ठ घ्या, ७४ आजारी, ९२६ नाहीत. आता समजा टेस्ट बरीच चांगली आहे, १०० आजाऱ्यांतले ८५ पकडते आणि १०० निरोगींतल्या ८५ जणांना बरोबर सोडते. ७४ पैकी ६३ पकडले जातील. ९२६ पैकी १३९ निरोगी माणसंही उगाच अडकतील. चिठ्ठी एकूण २०२ जणांना, त्यातले खरे ६३, म्हणजे दहातले साधारण तीन. तीच टेस्ट जिथे येणाऱ्यांपैकी निम्म्यांना आजार आहे अशा मेमरी क्लिनिकमध्ये वापरली तर चिठ्ठीवाल्या शंभरात ८५ खरे. प्रश्न तेच, मार्क तेच, फक्त माणसं कुठून येतात ते बदललं. हॉलमध्ये एकदम शांतता झाली आणि मग एक काकू म्हणाल्या, "म्हणजे चिठ्ठी मिळालेल्या दहातल्या सातजणींनी उगाच रडायचं?" याच्याहून नेमकं मलाही सांगता आलं नसतं.

म्हणून मंडळात या टेस्टवर चिठ्ठी द्यायचीच नाही असं ठरलं. कमी स्कोअर आला तर त्या दिवशी फक्त कान-डोळे बघायचे, घरच्यांशी बोलायचं, आणि दोन-तीन महिन्यांनी शांत खोलीत दुसऱ्या शब्दयादीने परत घ्यायची, तीच यादी परत दिली तर सरावाने मार्क वाढतात. तरीही कमी आणि घरचेही बदल सांगतायत, तरच न्यूरॉलॉजिस्टकडे. आणि नॉर्म्स शिक्षणाच्या गटांप्रमाणे वेगवेगळे, एकच कट-ऑफ नाही.

हे नॉर्म्स अजून व्हायचेत. त्यासाठी प्रत्येक शिक्षणगटात आणि वयोगटात पुरेशी माणसं लागतात, मंडळात येऊ न शकणारी घरात बसलेली माणसंही लागतात, नाहीतर स्वतःच्या पायाने चालत येणारे तेवढेच "नॉर्मल" ठरतात. गुजराती रूपही वेगळं बनवायचंय, भाषांतर करून नाही तर शब्द नव्याने निवडून, आणि दोन्ही भाषा घरात चालणाऱ्यांनी कुठल्या भाषेत द्यायची हे त्यांनाच निवडू द्यायचं. दोन्ही रूपांचे मार्क एकमेकांशी लावता येतात का हा पुढचा वेगळा अभ्यास. इंटरनॅशनल टेस्ट कमिशनच्या २०१७ च्या गाइडलाइन्सही हेच सांगतात, की प्रत्येक भाषेतल्या रूपाला स्वतःचा पुरावा लागतो, मूळ टेस्टचा पुरावा उसना मिळत नाही.

सध्या मुली रविवारी घरोघरी जातात, एका कागदावर शिक्षणाची वर्षं, लग्नाआधीचं गाव, घरात कुठली भाषा, आधी काय काम करायचे, कान-डोळे कसे आहेत हे लिहून घेतात आणि मगच पहिला प्रश्न विचारतात.